जागेवरचा माणूस

१

गाडीचं दुखणं मालकाच्या तोंडून ऐकून घ्यायचं आणि तो पाठमोरा झाला की विसरून जायचं, असा उत्तमचा शिरस्ता होता. मालक सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं आणि उरलेलं शेजाऱ्यानं त्याच्या डोक्यात भरवलेलं असतं. गाडी मात्र खोटं बोलत नाही. तिला नीट विचारलं की ती आपण होऊन कबूल करते.

डिलाईल रोडच्या मागच्या गल्लीत, मिलच्या भिंतीला ताडपत्री बांधून त्यानं दुकान थाटलं होतं. दुकान म्हणजे एक बाकडं, हत्यारांची पेटी आणि डोक्यावर ती गळकी ताडपत्री. संपाआधी तो ह्याच भिंतीच्या पलीकडे होता, साचेखात्यात, कापड विणायला. संप लांबला, मिल पुन्हा धड उघडलीच नाही, तेव्हा माझगावच्या एका गॅरेजात हात काळे करून तो मोटारीचं काम शिकला. सात-आठ वर्षांत हात बसला. सगळ्यांनी हात टेकलेली गाडी उत्तमकडे न्यावी, असं आता लोक म्हणत. ते कानावर आलं की तो मनातून फुलून जाई आणि वरून कपाळाला आठ्या घाली.

गिरगावचे शशिकांत वेलकर असंच कुणाचं तरी ऐकून आपली जुनी जीप घेऊन आले. बँकेतून रिटायर झालेले, परीटघडीचा शर्ट, बोलणं पुस्तकातल्यासारखं. जीप मात्र त्यांनी शेवटच्या वळणापासून दोन हमालांकडून ढकलत आणली होती.

"हिला ओढच नाही हो," रुमालानं मान पुसत ते म्हणाले. "घरून निघताना छान असते. लालबाग ओलांडलं की धापा टाकायला लागते. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, आवाज वाढतो, वेग वाढत नाही. आणि मग बंद. थोड्या वेळानं किल्ली फिरवली की चालू, जसं काही झालंच नाही."

"दुसरीकडं कुठं बंद पडते? दादर, मरीन लाइन्स?"

"नाही. आता तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात येतंय. इकडेच पडते."

"घेतली कुठनं?"

"लिलावात. कुठल्याशा बंद कंपनीचं सामान निघालं होतं. मनोरला आमची थोडी वाडी आहे, तिथे जायला बरी म्हणून घेतली. रविवारी सहकुटुंब जायचंय. तोवर होईल ना?"

"होईल की," उत्तम म्हणाला. "आजारी माणसापेक्षा आजारी गाडी सोपी. औषध घ्यायला नाय तरी म्हणत नाय."

२

ओढ नाही आणि बंद पडते, म्हणजे एक तर ठिणगी कमी पडतेय, नाही तर पेट्रोल. उत्तमनं आधी ठिणगीकडे बघितलं. प्लग घासले, पॉइंट साफ केले, कॉइल बदलून बघितली. ठिणगी निळी, खणखणीत. मग तो पेट्रोलच्या वाटेला लागला. पंपाला काचेची एक वाटी असते, गाळ बसायला. ती सोडवली तर तळाशी काहीतरी पांढरं. बोटावर घेऊन चोळलं. कापूस होता, कापसाची बारीक पिंज.

त्यात त्याला विशेष काही वाटलं नाही. कुणीतरी टाकी कॉटन वेस्टनं पुसली असेल. वाटी धुतली, कार्ब्युरेटरचे जेट फुंकले आणि तो चक्कर मारायला निघाला. गल्लीतून बाहेर, डिलाईल रोडवरून, मिलच्या भिंतीला वळसा घालून परत, ही त्याची ठरलेली चक्कर. अर्धी चक्कर जीप झकास गेली. मिलचं मागचं फाटक दिसायला लागलं आणि तिचा दम तुटला. पाय तळाला टेकला, इंजिन कळवळतंय, गाडी जागची हलत नाही. बरोबर फाटकासमोर बंद.

वाटी उघडली. पुन्हा कापूस.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाकीच उतरवली. धुतली, उन्हात वाळवली, आत बॅटरी मारून बघितलं. लख्ख. नळीही नवी घातली. दुपारी चक्कर मारली. त्याच फाटकासमोर बंद, वाटीत कापूस. मग त्याला वाटलं, पंपाच्या पडद्याला कापड असतं, त्याचे धागे सुटत असतील. पंप बदलला. तरी कापूस.

शेवटी त्यानं हुकमाचं पान काढलं. टाकी, नळ्या, पंप, सगळ्यांना सुट्टी. धुतलेल्या डब्यात गाळलेलं पेट्रोल घेतलं, डबा पुढच्या काचेला उंचावर बांधला, आणि दवाखान्यात सलाइन लावतात तशी नळी सरळ कार्ब्युरेटरला लावली. मधे फक्त ती काचेची वाटी. आता दोष टाकीत असो नाही तर पंपात, गाडीनं पळायलाच हवं.

फाटकासमोर ती बंद पडली. उत्तमनं उतरून वाटी बघितली. पांढरी पिंज होतीच.

हा कापूस डब्यात नव्हता. डबा त्यानं आपल्या हातानं धुतला होता. आणि त्या भिंतीआड कापूस हाताळणारं एकही खातं आता चालू नव्हतं. त्यानं बोट नाकाशी नेलं. पेट्रोलच्या वासाखाली दुसरा एक वास होता, तेलकट, दमट, साचेखात्यातला. अर्धं आयुष्य तो वास छातीत भरून घेतलेला माणूस, त्याची ह्या बाबतीत चूक व्हायची नाही. पण होतही असेल. उत्तमला त्या घडीला आपल्या नाकाचीही खात्री वाटेना.

३

घरी गुणवंतीवहिनी मासळीची पाटी धुऊन उपडी घालत होती. ती वरळी कोळीवाड्याची लेक. संपात घरातल्या दोन्ही बाप्यांचं काम गेलं तेव्हा तिनं माहेरची पाटी डोक्यावर घेतली, आणि चाळीतली ती एक खोली तेव्हापासून त्या पाटीवरच उभी होती.

"झाली का जीप?"

"होतेय."

"रोज होतेयच तुमची," ती म्हणाली आणि ताट वाढायला वळली.

भिंतीवर धर्माचा फोटो होता. त्याला हार नव्हता, आणि त्या हारावरूनच सध्या नात्यात रामायण चाललं होतं. धर्मा उत्तमचा थोरला भाऊ, गुणवंतीचा नवरा. मिलमध्ये उत्तमच्या शेजारचे साचे त्याचे. संपाच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी तो जेवून उठला, "चहा ठेव, आलोच," म्हणाला आणि जिना उतरला. तो परत आला नाही. कोण म्हणे भिवंडीला गेला, कोण म्हणे जिवाचं काही करून घेतलं. आणि काही जण आवाज खाली करून तिसरंच सांगत. त्या दिवसांत मिलची एक पिवळी जीप फिरायची. संप मोडून कामावर जायला तयार झालेल्यांना ताडपत्रीआड बसवून मागच्या फाटकानं आत न्यायची. धर्मा तिच्यात चढला म्हणे. मिलवाले म्हणाले, आमच्याकडे आलाच नाही.

आता गुणवंतीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. शामरावमामा दर आठवड्याला येऊन सांगून जात, की बाई, धर्माचे दिवस एकदाचे करून टाक, मांडवात कुंकू लावून बसलीस तर लोक तोंडात शेण घालतील. गुणवंतीचं उत्तर ठरलेलं. "ते कुठं आहेत तेवढं कुणीतरी मला सांगा. मी आपल्या हातानं पुसते." रोज दुपारी ती दोन कप चहा करी आणि दोन्ही कप स्वतःच पिऊन टाकी. रडण्याचा तिचा स्वभाव नव्हता. उत्तमला मात्र तो दुसरा कप बघवत नसे.

जेवताना तिनं नुसते ओठ हलवले. मीठ? उत्तमनंही आवाज न काढता सांगितलं, पुरे. ही साचेखात्याची भाषा. शेकडो साचे एकदम धडधडत असले की कानाशी ओरडूनही ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळा कारभार ओठांवर चालायचा. धर्मानं ती भाषा लग्नानंतर बायकोला शिकवली. एका खोलीत सासूसमोर नवराबायकोला बोलायची तेवढीच सोय होती.

त्या भाषेतलं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य म्हणजे, बघतोस जरा? कुणाला लघवीला जायचं असे, कुणाला तंबाखू मळायची असे. साचे सोडून तर जाता येत नाही. मग शेजाऱ्याकडे बघून विचारायचं, बघतोस जरा? त्यानं मान हलवली की झालं. जाणारा परत येईपर्यंत त्याचे साचे ह्याचे, मग आभाळ कोसळो. शेजाऱ्यानं जागा सोडली असं त्या खात्यात कधी झालं नव्हतं. आणि मान हलवायला कुणी विचारही करत नसे. शिंक येते तशी ती मान हलायची.

४

सकाळी जीपच्या मागच्या फळीवरचा गंज घासताना हिरवा रंग पापुद्र्यानं सुटला. खाली पिवळा होता.

उत्तम घासायचा थांबला. पिवळ्या जीपा मुंबईत काय कमी होत्या? लिलावात घेतलेली गाडी, तिला चार मालक आणि चार रंग झाले असतील. असं स्वतःला समजावत त्यानं आणखी थोडं घासलं, आणि मग फडकं टाकून उगाच दूर जाऊन उभा राहिला. वहिनीला सांगायचं, तर काय सांगायचं? की नवरा फितूर झाला असेल, त्याची गाडी सापडली? तिच्या कपाळावरचं कुंकू त्या एका गोष्टीच्या जोरावर होतं, की आपला माणूस तसा नव्हता.

दुपारी तो पायीच मागच्या फाटकाशी गेला. मिल बंद असली तरी दौलत तिथं स्टुलावर बसलेला असे. तो जुना पहारेकरी, आणि पहाऱ्यावरून त्याला उठवायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"तुझी गाडी रोज पाळी बदलायच्या टायमालाच मरते रे," दौलत म्हणाला.

"पाळी कुठली आता?"

"मिलची बंद झाली. माझ्या अंगात वाजतो भोंगा, त्याला काय करू?"

उत्तम त्याच्याजवळ उकिडवा बसला. "दौलतदादा, ती पिवळी जीप आत यायची, ती तू बघायचास?"

"फाटक मीच उघडायचो. ताडपत्री वर करायची नाय, असा हुकूम होता. भरलेली असायची. मागचे स्प्रिंगचे पाटे ओझ्यानं पार बसलेले."

"आणि बाहेर जायची तेव्हा?"

दौलत तंबाखू चोळत होता, त्याचा अंगठा थांबला. "तेच मला कधी समजलं नाय. तेव्हापन बसलेलेच असायचे."

"म्हणजे आत कोण उतरायचंच नाय?"

"मी काय ताडपत्री वर करून बघितली?" दौलत चिडून म्हणाला. मग फाटकाकडे बघत, "बघायला पायजे होती," असं म्हणाला.

५

मेकॅनिकला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. उत्तमनं गल्लीतच, रिकाम्या जीपच्या मागे वाकून, पाटा आणि वरची चौकट यांच्यामधे हात घातला. एक वीत आणि वर तीन बोटं. पाटे चांगले होते, कमान ताठ होती.

मग तो निघाला. डबा काचेला बांधलेला तसाच. डिलाईल रोडवर जीप मजेत पळाली. भिंतीच्या वळणावर त्याला जाणवलं, की गाडीची पाठ हलकेच खाली गेली. थोडी डावीकडून, मग उजवीकडून. माणसं चालत्या गाडीत चढतात तेव्हा जशी जाते तशी. आणखी थोडं पुढे, पुन्हा. इंजिनाचा आवाज जड झाला. ओढ नाही असं नव्हतंच मुळी. ती बिचारी जिवाच्या आकांतानं ओढत होती. ओझं जास्त होतं.

फाटकासमोर ती बंद पडली. स्टुलावर दौलत नव्हता. रस्त्यावर ऊन होतं, लांब कुठंतरी कुणी भंगारवाला ओरडत होता. उत्तम उतरला, मागे गेला, वाकला आणि हात घातला. वीतच. तीन बोटं शिरायला जागा नव्हती.

ताडपत्री वर करायला त्याचा हात गेला आणि अर्ध्यात राहिला. फाटक्या कडेतून आतली दोन समोरासमोरची बाकं दिसत होती, रिकामी. म्हणजे दिसत होती तेवढी तरी रिकामी. रस्त्याला उतार असेल, त्यानं मनाशी म्हटलं. उतारावर वजन मागे जातं. रस्ता हातासारखा सपाट होता, हे त्यालाही दिसत होतं.

तो पुढे येऊन बसला. किल्ली फिरवायच्या आधी सवयीनं आरशात बघितलं. आरशात ताडपत्रीखालचा अंधार होता. त्या अंधारात काहीतरी हललं. त्याला आधी वाटलं, कापडाची चिंधी वाऱ्यानं हलतेय. मग ते तोंड आहे असं दिसलं. नुसतं तोंड, खालचा ओठ डावीकडे जरा ओढलेला. चेहरा नव्हता, डोळे नव्हते, किंवा असतील तर आरशाच्या कडेबाहेर होते. ओठ सावकाश हलले, आवाज न होता. ते वाचायला उत्तमला काहीच कष्ट पडले नाहीत.

बघतोस जरा?

आणि उत्तमनं मान हलवली.

हलवून झाल्यावर त्याला कळलं, की आपण मान हलवली. तेवढ्यात गाडीची पाठ वर उचलली गेली, एका माणसाइतकी, आणि मागची फळी खडखडली. त्यानं वळून बघितलं तेव्हा ताडपत्रीची कड झुलत होती. धर्माचा खालचा ओठ डावीकडे ओढलेला होता का, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला, आणि शेजारच्या साच्यांवर उभं राहून वीस वर्षं वाचलेले ते ओठ त्याला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईनात.

किल्ली फिरवली. जीप पहिल्या झटक्यात चालू झाली.

६

जीप त्यानं चाळीच्या तोंडाशी लावली आणि किल्ली खिशात टाकली. उतरल्यावर तो पुन्हा मागे जाऊन वाकला. काही अर्थ नव्हता, पण हात राहिला नाही. निघताना वर आलेली पाठ पुन्हा एका माणसाइतकी खाली बसली होती. आता तर गाडीत तोही नव्हता.

जिना चढताना त्याला फार हलकं हलकं वाटत होतं. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून असेल. लाकडी जिन्याची वरची पायरी त्याच्या जन्मापासून करकरत आली होती. आज ती करकरली नाही.

खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज नव्हता, पण वहिनी बोलत होती. जमिनीवर बसून ती खाटेकडे तोंड करून ओठ हलवत होती, मधेच थांबत होती, पुन्हा हलवत होती. एकदा तोंडावर पदर धरून हसली. एवढ्या वर्षांत ती अशी हसलेली उत्तमनं बघितली नव्हती. कुंकू मोठं, ताजं होतं. तिचा कप तिच्यापुढे होता. दुसरा दिसत नव्हता.

खाट दाराच्या फळीआड होती. उत्तमला तिचे दोन पायच दिसत होते, आणि खालून नवार. मधल्या जागी नवार खोल बसली होती.

त्याला भय वाटत होतं, आनंदही होत होता, आणि ह्यातलं कुठलं किती हे त्याला सांगता आलं नसतं. हात पुढे करून दार वीतभर ढकललं असतं तर सगळं दिसलं असतं. आला म्हणजे कुठून आला, इतके दिवस कुठं होता, फितूर झाला की नाही, जिवंत आहे की नाही. दार ढकलायला त्यानं बोटं टेकवलीदेखील.

तेव्हा गुणवंतीला तो दिसला.

तिचं हसू उतरलं. तिनं खाटेकडे एकदा बघितलं, मग मान पूर्ण दाराकडे वळवली, खाटेवरून तिचे ओठ दिसू नयेत अशी. आणि आवाज न काढता म्हणाली, भावजी, तुम्ही इथं कसे? ते तर म्हणतात, उत्तम जागेवर आहे.

उत्तमची बोटं दारावरून खाली आली.

चहा तरी होऊ दे त्यांचा, तिचे ओठ म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संपात घरात दाणा नव्हता तेव्हाही तिनं कुणापुढे पदर पसरला नव्हता.

उत्तमनं मान हलवली. ह्या वेळी कळून हलवली.

७

खाली जीप होती तिथंच होती. चाळीतली बाई नळावर हंडा भरत होती, तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. चहा प्यायला असा किती वेळ लागतो, उत्तम मनाशी म्हणत होता. पण धर्मा पहिल्यापासूनचा सावकाश, बशीत ओतून फुंकून फुंकून पिणारा. आणि वहिनीला सात वर्षांचं बोलायचं होतं. रविवारी वेलकर येतील तेव्हा किल्ली कुठं सापडेल, हाही एक विचार येऊन गेला. त्यानं ती काढून पुढच्या सीटवर ठेवली.

मग तो मागे गेला, ताडपत्रीची कड वर केली आणि फळीवर पाय देऊन चढला. पाटे जराही दबले नाहीत. आत साचेखात्याचा वास होता. डोळ्यांना काही दिसेना, म्हणून त्यानं हात पुढे करून बाक चाचपलं.

बाजूच्यानं सरकून जागा करून दिली.